शेवट झुंबरबाईंकडे आहे

८ जानेवारी २००२, पुणे

वाचन म्हणजे काय? आज सरोदे मॅडमनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. खोलीवर आले, जेवले, बाकीच्या मुली झोपायच्या तयारीला लागल्या, तरी येत नाही.

गंमत अशी की मी ग्रंथालयशास्त्र शिकले आहे. कोणतंही पुस्तक हातात द्या, ते कुठल्या कपाटात जाईल हे सांगते. पण कपाटातून निघून माणसाच्या घरात गेल्यावर त्याचं काय होतं, हे आम्हाला कुठल्याच पेपरला नव्हतं. "घरी नेलं म्हणजे वाचलं का?" मॅडम म्हणाल्या. "उशाला घेऊन झोपला असेल. आणि नेलं नाही म्हणजे वाचलं नाही, हे तरी कशावरून?" मी गप्प. "बरं झालं गप्प बसलीस. एम.फिल. तिथूनच सुरू होतं."

विषय ठरला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सहा वाड्यांमध्ये लोक काय आणि किती वाचतात. आधी छापील प्रश्नावली भरून घ्यायची, तिचे तक्ते करायचे, मग त्याच वाड्यांत जाऊन मुलाखती घ्यायच्या. मॅडमच्या भाषेत, आकडा सांगतो किती, माणूस सांगतो कसं. दोघांना समोरासमोर बसवायचं. आमच्या विभागात असं अजून कोणी केलेलं नाही. सगळे एक तर मोजतात नाही तर बोलतात.

दुसरी गोष्ट ऐकून तर मला झोप येणार नाही. पुण्यातली एक ग्रंथप्रसार संस्था या सहांपैकी एका वाडीला भरलेलं पुस्तकांचं कपाट देणार आहे आणि ते सांभाळणाऱ्याला दरमहा मानधन. कोणती वाडी, हे माझ्या अभ्यासावरून ठरणार. माझ्या! ज्या घरात माझ्याआधी कुणी दहावी झालं नाही, त्या घरातल्या मुलीच्या तक्त्यावरून.

सहा वाड्यांत आमचा बेलमळा आहे. चिठ्ठ्या टाकून वाड्या निवडल्या, मुद्दाम घेतला नाही. तरी चिठ्ठी निघाली तेव्हा मनात लाडू फुटले, हे इथे लिहून ठेवते.

२६ जानेवारी, बेलमळा

झेंडावंदनाला सगळे शाळेत जमतात म्हणून आजचा दिवस धरला. महाळुंगे पडवळच्या पुढे आमची वाडी एवढीशी, पण आज वरची आळी, खालची आळी, आमची बौद्धवस्ती, सगळे होते. गुरुजींनी मला दोन शब्द बोलायला लावले. मी प्रश्नावली उंच धरून सांगितलं, यावर माझी पदवी अवलंबून आहे, तेव्हा प्रत्येकानं मनापासून भरावी.

कुंडलिक तात्या पुढेच बसले होते. वरच्या आळीतली सगळ्यात मोठी बागायत त्यांची. म्हणाले, "म्हंजी तुजी परीक्षा हाय म्हन की, यशे."

"तसंच समजा तात्या," मी हसून म्हटलं.

"आन पास व्हायला किती टक्के लागत्यात?"

"जितके फॉर्म भरून येतील तितकं बरं."

"येतील, येतील. गावाची पोर हाय." मागे वळून त्यांनी जाहीर केलं, "ऐकलं का रं? कोरा कागद दिला तर बघा!"

केवढा आपलेपणा! फॉर्म गोळा करायचं रुपेशकडे सोपवलं. माझा हा धाकटा भाऊ बारावीनंतर दोन वर्षं घरीच आहे. त्याला काम मिळाल्यासारखं झालं. कॉलर ताठ करून फिरतोय.

करवंदवाडीचे फॉर्म तिथल्या शाळेच्या गुरुजींबरोबर पाठवले आहेत. ती पार घाटघरच्या अलीकडे, जुन्नरहून दिवसाला दोन गाड्या. प्रत्येक ठिकाणी जाणं मला जमणार नाही.

१० फेब्रुवारी

बेलमळ्याचे फॉर्म आले. एकही कोरा नाही. एकही प्रश्न सुटलेला नाही. मी आमच्या ओट्यावर बसून एकेक उलटत गेले. 'आपण किती वेळा वाचता?' आठवड्यातून तीनदा. 'वाचनानं आयुष्यात फरक पडला का?' खूप. आईच्या फॉर्मवरसुद्धा तीनदा. आईला अक्षरओळख नाही, तिला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "रुपेश वाचतो, मी आईकती." मला माहीतच नव्हतं. मी पुण्याला गेल्यापासून घरात हे सुरू झालं असेल.

आई आणखी एक म्हणाली. मधे एकदा कुंडलिक तात्या आमच्याकडे येऊन ओट्यावर बसले होते. चहा घेतला. माझ्या वडिलांशी, आबांशी, बराच वेळ बोलले. माझ्या आठवणीत तात्या आमच्या दारात कधी बसलेले नाहीत. आबांना काम सांगायचं असलं तर रस्त्यावरून हाक मारायचे. "चहा पार कप रिकामा करून प्याले," आई दोनदा म्हणाली. कशाला आले होते हे विचारलं तर हसली आणि तवा उतरवला.

४ मार्च, पुणे

विभागातल्या कॉम्प्युटरवर आज तक्ते निघाले. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर ढकलत होता आणि मी हात जोडल्यासारखी उभी होते. शेकडो माणसांचं म्हणणं चार ओळींत! शितावरून भाताची परीक्षा आई रोज करते, पण इथे सहा पातेल्यांची एकदम केल्यासारखं झालं. ज्यानं हे गणित पहिल्यांदा शोधलं असेल, त्याला काय वाटलं असेल?

बेलमळा सगळ्यांत वर. बाकीच्या चार वाड्या मधे. करवंदवाडी शून्य. 'गेल्या वर्षात वाचलेली पुस्तकं' या प्रश्नापुढे सगळ्यांनी 'एकही नाही' लिहिलंय. तिथे जुनं एक कपाट आहे, त्याबद्दल मागच्या तपासणीचा शेरा गुरुजींनी कळवला होता: पुस्तकांची नासधूस. वाईट वाटलं. पण शून्य म्हणजे शून्य.

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलून कागद बघितला. "सरासरी बघितलीस. पसरण बघितलीस का? बेलमळ्यात सगळे एकाच ठिकाणी उभे आहेत. इतकं एकमत कधी ग्रामसभेत बघितलंयस?"

"आमच्या वाडीत एकी आहे मॅडम."

"असेल." त्यांनी बोट खाली सरकवलं. "आणि हे शून्य. तू बघून आलीस?"

"फॉर्म गुरुजींबरोबर पाठवले होते."

"मग शून्य बघून ये आधी."

१५ एप्रिल, करवंदवाडी

गाडी चढाला लागली आणि मी खिडकीतून तोंड आत घेतलंच नाही. वर एक सपाटी आहे आणि सपाटी संपते तिथे एकदम काहीच नाही. खाली कोकण. इथली माणसं या कड्याच्या तोंडाशी जेवतात, झोपतात, भांडतात.

हिरड्याचे दिवस आहेत. जिथे म्हणून उघडा कातळ आहे तिथे बाळहिरडा वाळत घातलाय, हिरवा, तपकिरी, पार काळा झालेला. बाया उकिडव्या बसून निवडतात. मला वाटलं होतं, माणसं गोळा करून मुलाखती घेईन. इथे माणसं आधीच गोळा होती, फक्त माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी मीही निवडायला बसले.

कपाट सांभाळणारे सावळाराम भाऊ दिवसभर माझ्यापासून लांब लांब राहिले. कपाट दाखवा म्हटलं तर किल्ली सापडेना. शेवटी दुपारी उघडलं. आत थोडीच पुस्तकं, आणि खालच्या फळीवर एका मोठ्या पुस्तकाची नुसती पुठ्ठ्याची पाठ, आतून रिकामी. पानं नाहीत. ते घाईघाईने म्हणाले, "म्याडम, दंड लागंल का? मागच्या सायबांनी लिवलंय तसं तुमीबी लिवाल. मंग कपाटच नेत्याल. न्या, पर एवढा पाऊसकाळ जाऊ द्या."

"पानं कुठं आहेत भाऊ?"

"घरोघर," ते म्हणाले आणि कानाची पाळी धरली.

त्यांच्याकडून एकेक शब्द काढावा लागला. कादंबरी होती ती. एका पावसाळ्यात ओल लागून तिची शिवण सुटली. त्याआधीपासून पहिल्यांदा कुणी न्यायची यावरून वाडीत भांडणं. मग भाऊंनी दाभण घेतलं, सुटलेल्या पानांचे जुडगे वेगवेगळे शिवले, प्रत्येकाला खताच्या पिशवीचं कव्हर घातलं आणि दर घराला एकेक दिला, वाचून झाला की दुसऱ्या घराशी बदलायचा. भांडण मिटलं. कादंबरीचं नाव काय? ते कुणालाच माहीत नाही, पहिलं पान आधीच गेलं होतं.

रात्री इथेच राहते आहे. घाईने लिहिते आहे, कंदील सावळाराम भाऊंच्या सुनेला हवाय.

१६ एप्रिल

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

सकाळी कातळावर मी सहज विचारलं, त्या फुटक्या कादंबरीत आहे काय? निवडणारे हात थांबले नाहीत, पण तोंडं सगळी एकदम सुटली.

समुद्रातल्या एका खडकावर दिवा आहे, जहाजांना वाट दाखवणारा. तो दिवा सांभाळणाऱ्या बाईची गोष्ट. तिचा नवरा एक दिवस होडीतून गेला आणि आला नाही. बुडाला की पळाला, यावर वाडीत दोन तट आहेत. ज्यांच्याकडे सुरुवातीचे तुकडे आले त्यांच्या मते तो बुडाला. ज्यांनी मधले वाचले त्यांच्या मते मेला पळाला, कारण मधे कुठेतरी त्याचा सदरा सापडतो, कोरडा. ठकूबाईंच्या घरात तुकडे उलटे आले. "माज्याकडं ती आली तवा म्हातारी व्हती," त्या सांगत होत्या, "मंग पांढरे केस काळे झाले, मंग पोरगी कडंवर आली, मंग लगीन. मी म्हनलं, आसं आसतं तर किती ब्येस!" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. ही एकच कादंबरी, आणि या कातळावर बसलेल्या प्रत्येक बाईकडे ती वेगळी होती.

"मग तुम्ही फॉर्मवर 'एकही पुस्तक वाचलं नाही' असं का लिहिलंत?"

ठकूबाईंनी माझ्याकडे, मी खुळी आहे का, असं पाहिलं. "आक्कं कुठं वाचलंय कुनी? आक्कं वाचल्याबिगर वाचलं कसं म्हनायचं? खोटं लिवायचं का?"

खोटं लिहायचं का! माझ्या प्रश्नावलीत 'तुकडा' असा पर्यायच नव्हता.

आणि शेवट? शेवट झुंबरबाईंकडे आहे. त्या सगळ्यांत म्हाताऱ्या, स्वतः वाचत नाहीत, सून वाचते. शेवटाचा तुकडा त्यांनी एकदा घेतला तो परत कुणाला दिलेला नाही. ज्याला शेवट ऐकायचा असेल त्यानं झुंबरबाईंच्या अंगणात येऊन त्यांचा हिरडा निवडायचा. "ह्या म्हातारीनं चार वरसं हिरडा निवडला न्हाई स्वोताच्या हातानं," ठकूबाई म्हणाल्या. झुंबरबाई गालातल्या गालात हसून म्हणाल्या, "तुला शेवट न्हाई सांगितला त्यो या जीभंमुळं."

माझ्या तोंडून निघून गेलं, सगळे तुकडे एकदा ओळीनं वाचले तर?

एक बाई उठली, पदराला हात पुसले आणि घराकडे गेली. मग दुसरी. थोड्या वेळानं खताच्या पिशव्यांची ती कव्हरं एकेक करून कातळावर यायला लागली. एक म्हशीच्या गोठ्यातून, एक देव्हाऱ्याच्या फळीवरून. पुरुषही आले. सावळाराम भाऊंनी पानांचे आकडे बघून तुकडे रांगेत मांडले आणि रांगेकडे बघत उभे राहिले. ज्या घरचा तुकडा, त्या घरचा वाचणारा वाचणार, असं ठरलं.

आम्ही दिवसभर ऐकलं. हिरडा निवडला जात होता, पाणी फिरत होतं, मधेच कुणी "हां! सदरा आला बघा!" म्हणून ओरडत होतं. नवरा बुडाला म्हणणाऱ्यांचे चेहरे मधल्या तुकड्यांवर पडत गेले. ठकूबाई त्या बाईचे काळे केस पांढरे होत गेलेले ऐकून रडल्या. ज्या पुस्तकाला नाव नाही, लेखक नाही, ते या कड्यावर माणसांच्या गळ्यातून पहिल्यांदा अख्खं उभं राहत होतं. मी वह्या, पेन, सगळं बाजूला ठेवलं. मुलाखत घ्यायला आले होते. प्रश्न विचारायची लाज वाटली, जशी विहारात वंदना चालू असताना बोलायची वाटते.

शेवटी झुंबरबाईंच्या सूनबाईंनी वाचलं. दिव्याची बाई खूप म्हातारी झालीय. रात्री एक होडी येते. ती पायऱ्या उतरून खाली जाते. इथे सूनबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि झुंबरबाईंनी पुढचं स्वतः सांगितलं: ती दिवा मालवत नाही, होडीतल्या माणसाला जेवायला वाढते, नाव विचारत नाही, सकाळी तो आपसूक निघून जातो, आणि ती पुन्हा तेलाची चिमणी पुसायला बसते. झुंबरबाईंना ते बाकी सगळं पाठ असलं पाहिजे. नंतर मी तो तुकडा हातात घेऊन बघितला. शेवटचं पान पायऱ्यांवरच, अर्ध्या वाक्यात संपतं. पुढचं पान अलीकडे कधीतरी गळून पडलं असेल. पाठ करून ठेवलं म्हणून वाचलं, नाही तर शेवट गेलाच होता.

संध्याकाळी तुकडे आपापल्या घरी परत गेले. कुणी बदलून घेतला नाही.

१७ एप्रिल, जुन्नर स्टँड

पुण्याची गाडी यायची आहे. माझ्या तक्त्यात करवंदवाडीपुढे शून्य आहे. ते चूकही नाही. त्यांनी खरंच तसं लिहिलंय. शून्याच्या आत एवढं असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता बेलमळ्याच्या मुलाखती. जिथे शून्य होतं तिथे हे निघालं, तर जिथे तक्त्यात शिखर आहे तिथे काय निघेल! मला धीर धरवत नाही.

५ मे, बेलमळा

सकाळी लंकाबाईंपासून सुरुवात केली. आमच्याच वस्तीत राहतात. "आवडतं पुस्तक कोणतं?" ताठ बसून म्हणाल्या, "शेळीपालनाचं."

कारण? "त्यात शेळ्यांची माहिती चांगली दिलीय."

मग शेजारी. शेळीपालन. मग वरच्या आळीत. शेळीपालन. ज्यांच्याकडे शेळी नाही, कधी नव्हती, त्यांनाही शेळीपालन. दुपारपर्यंत माझी वही भरली आणि मी अक्षरशः भारावले. एका गावानं एका पुस्तकावर असं जडून जावं! करवंदवाडीत एक पुस्तक घरोघर वाटलेलं, इथे एक पुस्तक घरोघर सारखं. मला प्रबंधाचं सूत्र मिळालं असं वाटलं.

मग कुंडलिक तात्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी साळुबाई काकू ओझरच्या गणपतीहून नुकत्या आल्या होत्या, मला प्रसाद दिला. प्रश्न विचारल्यावर त्यांनी शेळीपालन सांगितलं, मग कारण सांगितलं, आणि माझा चेहरा बघून घाबरल्या. "का गं? चुकलं का? रुपेशनं सांगितलं तसंच बोलले मी. आता नापास करतील का तुला?"

तात्या आतून ओरडले, "तुला म्हनलं व्हतं ना, बोलू नगंस म्हनून!"

मी प्रसाद हातात धरून तशीच उभी राहिले.

५ मे, पुन्हा

सगळं कळलं. आबांनीच सांगितलं, आणि छाती फुगवून सांगितलं.

माझी परीक्षा आहे हे सगळ्यांनी खरं धरलं. परीक्षा म्हणजे उत्तर बरोबर आलं पाहिजे. बरोबर उत्तर कोण सांगणार? रुपेश. रुपेशनं डोकं लढवलं: आठवड्यातून तीनदा म्हणजे जास्त पण नाही, कमी पण नाही. तात्या त्या दिवशी ओट्यावर याचसाठी आले होते. आबांनी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "भागुजी, पोरीला काय लिवलं की पैला नंबर मिळंल, त्येवढं सांग. आमची आळी मागं राहनार न्हाई." वरची आळी आमच्या वस्तीकडून नक्कल करून घेऊन गेली. मुलाखती होणार कळल्यावर आवडतं पुस्तकही ठरलं. शेळीपालनाचं एवढ्यासाठी, की रुपेशकडे तेवढंच होतं.

"गाव एक झालं गं तुज्यासाठी," आबा म्हणाले. "माज्या जन्मात पैल्यांदा."

मॅडमनी मार्चमध्येच कागदावर बोट ठेवलं होतं. समोर बसून मला एकही माणूस खोटं बोललेला दिसला नाही. ते त्या आकड्यांनी आधीच पकडलं होतं. आणि करवंदवाडीत आकड्यांना जे दिसलं नाही ते माणसांनी दाखवलं. समोरासमोर बसवायचं म्हणजे हे. मला समजलं याचा आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले.

६ मे

रुपेश बोलत नाहीये. आधी बोलला ते असं:

"ताई, कपाट आपल्याकडं येनार ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. संक्रांतीला. मानधनपन हाय म्हनलीस. मी समाजमंदिरात जागा बघून ठेवलीय. तात्यांनी सुतार द्यायचं कबूल केलंय."

मी म्हटलं, ते आकडे खरे नाहीत.

"मंग खरं करू! कपाट आलं की वाचतीलच की लोक. आधी वाचलं काय आन मागून वाचलं काय."

हे मला खोडता आलं नाही. खरंच, कपाट आलं तर इथलेही वाचतील. रुपेशला घराबाहेर पडायला कारण मिळेल. आबांची मान वर राहील. तात्या पुन्हा ओट्यावर येतील. आणि करवंदवाडीत? तिथे लोक नव्या कपाटाशिवायही वाचतातच. मी दिवसभर हाच विचार वेगवेगळ्या बाजूंनी केला आणि प्रत्येक वेळी तो मला फार सोयीचा वाटला. म्हणूनच भीती वाटते.

आई रात्री एवढंच म्हणाली, "त्या वरच्या बायांनी न्हाई लिवलं ते खरं लिवलं ना? मंग त्यांना न्हाईच मिळायचं?"

१४ मे, पुणे

मॅडमना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या ऐकता ऐकता उठून खिडकीपाशी गेल्या. शेळीपालनाला हसल्या, मग झुंबरबाईंच्या वेळी खिडकी सोडून माझ्याजवळ आल्या. "शेवटचं पान नव्हतं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"गळून पडलं होतं. त्यांना पाठ होतं."

"हं," मॅडम म्हणाल्या. "ते तसंच लिही. जसं ऐकलंस तसं, जसं पाहिलंस तसं."

बेलमळ्याचं काय करू, हे त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा फॉर्म भरून घ्यायला वेळ नाही. बेलमळा तसाच ठेवला तर सहाही वाड्यांचे तक्ते पूर्ण दिसतील, कोणाला शंका येणार नाही, मॅडमची सही मात्र होणार नाही. काढला तर सहाच्या पाच वाड्या उरतात, परीक्षक विचारतील, गुण जातील. "तुझा अभ्यास आहे," म्हणाल्या.

२ जून

लिहून संपलं. एक प्रकरण नव्यानं लिहिलं: एक गाव प्रश्नावलीला परीक्षा समजून एकजुटीनं उत्तर देतं तेव्हा. त्यात बेलमळ्याचं खरं नाव नाही. ते लिहिताना पहिल्यांदा कळलं की मी चूक शोधायला बसले होते आणि हाती लागलं ते वेगळंच. वरच्या आळीची आणि आमच्या वस्तीची माणसं एका ओट्यावर बसून एका मुलीसाठी एकच खूण करतात, हे कुठल्या तक्त्यात बसवू? इतकी माणसं माझ्या बाजूनं खोटं बोलली. मला त्यांच्यापुढे उभं राहायला अजून नीट जमत नाही.

१२ जून, पुणे

आज प्रबंध विभागात दिला, पोच घेतली. संस्थेला करवंदवाडीची शिफारस दिली. तीत लिहिलं की कपाट सावळाराम भाऊंच्या ताब्यात द्यावं आणि शिवण सुटलेली पुस्तकं 'नासधूस' म्हणून मोजू नयेत.

पण खरं जे करायचं होतं ते शनिवारीच केलं, बेलमळ्यात. तात्यांना स्वतः जाऊन बोलावून आणलं, लंकाबाई आल्या, साळुबाई काकू आल्या, आबांनी घोंगडी टाकली. मी तक्ता सगळ्यांच्या पुढे ठेवला, आपली ओळ कोणती ते दाखवलं, आणि कड्यावरच्या त्या वाडीत काय पाहिलं ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटी तात्या म्हणाले, "म्हंजी आमीच नापास म्हन की."

"नाही तात्या. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ही परीक्षा नव्हती."

"मंग आधी सांगायचं व्हतं. आमी आमचं आमचं लिवलं आसतं." मग म्हणाले, "आमचं म्हंजी काय, कायच न्हाई." आणि स्वतःच हसले. साळुबाई काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

रुपेश खांबाला टेकून उभा होता. हसला नाही. वळून घरात गेला.

मग मी पट्टी आणि पेन घेतलं आणि त्या सगळ्यांदेखत, आमच्या ओट्यावर, बेलमळ्याच्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली.